फ्लॅक की एमपीथ्री? माझं घोडं समेवर अडलं

भाच्याने नवा प्लेअर घेतलाय. छोटासा आहे, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कार्डचा स्लॉट आहे आणि मुख्य म्हणजे त्यात सिम नाही त्यामुळे अभ्यासात व्यत्यय येणार नाही असं त्याने माझ्या बहिणीला पटवलंय, ती पटली पण. आल्या आल्या पहिला प्रश्न मला, "मामा, फ्लॅकमध्ये भरू का थ्री-ट्वेंटीत?" हा घोळ मी स्वतः चार-पाच वर्षांपूर्वी घालून बसलोय, तीन वेळा अख्खं कार्ड पुसून परत भरलंय, म्हणून त्याला फोनवर सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढतो म्हटलं. फ्लॅक लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करतं, एमपीथ्री थोडं टाकून देऊन. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती माहिती लागते ते, थ्री-ट्वेंटी म्हणजे ३२० केबीपीएसचं एमपीथ्री.

आधी आवाजाचं उरकून घेऊ, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. माझे कान काय सोन्याचे नाहीत. मे महिन्यात सोलापुरात रात्री पंखा बंद करून, घाम पुसत, कॉम्प्युटरवर फूबार नावाच्या प्लेअरमध्ये आंधळी चाचणी केली होती, म्हणजे कुठलं काय वाजतंय हे न बघता ओळखायचं. एकाच सीडीवरून काढलेलं फ्लॅक आणि ३२० एमपीथ्री. १६ पैकी ९ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी ८ आले असते. त्यामुळे फ्लॅकमध्ये "तंबोरा उघडा पडतो" वगैरे मी तरी म्हणणार नाही, ज्यांना ऐकू येतं त्यांना येत असेल, मला नाही आलं. १२८ ला मात्र कळतं, आणि सगळ्यात आधी कळतं ते टाळात. भजनातले टाळ १२८ एमपीथ्रीत असे लागतात की जणू कुणी बादलीत बुडवून वाजवतंय. १९२ च्या वर गेलं की माझ्यापुरता तो प्रश्न मिटला.

आणि ऐकतो कुठे तेही बघायला पाहिजे ना. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, शेडमध्ये लूम चालू असताना शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठ बघून ओळखायचं असतं, तिथे फ्लॅक आणि एमपीथ्री यात डावं-उजवं करणं म्हणजे विनोदच. शांत ऐकायला मिळतं ते सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरताना, आणि रात्री गच्चीवर. बास.

जागेचा हिशेब सांगतो कारण तो माझा धंदा आहे. ३२० ला तासाला १४४ एमबी जातात. लेम या एन्कोडरची, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची, व्ही-टू सेटिंग घेतली, जी सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास राहते, तर तासाला साधारण ८५. सीडी जशीच्या तशी ठेवली तर ६३५, आणि फ्लॅक केली की त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, गाण्यावर अवलंबून, म्हणजे साडेतीनशे-चारशे एमबी धरा. ३२ जीबीच्या कार्डात ३२० ने दोनशेच्या वर तास बसतात आणि फ्लॅकने ऐंशी-नव्वद. इथे एमपीथ्री उघड उघड जिंकतं. पण खरं सांगायचं तर दोनशे तास कोण ऐकतंय, माझं फिरून फिरून त्याच तीस-चाळीस तासांवर येतं.

फ्लॅकची साइज कमीजास्त होण्याची एक गंमत आहे. वडिलांच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या, अभंगांच्या, काही कीर्तनाच्या. वाटलं जुनं रेकॉर्डिंग, काय असणार त्यात, फाइल छोटी होईल. झाली उलट मोठी. कारण टेपची ती सूंऽऽ अशी जी खरखर असते तिला काही आकार-उकार नसतो आणि फ्लॅकला पुढचं सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप, सीडीत सेकंदाला हजारो असतात) काय येईल याचा अंदाज बांधता आला तरच जागा वाचवता येते. म्हणजे खरखर इमानदारीने जपून ठेवायला मी जास्त जागा देत होतो. कॅसेटीची मूळ फाइल घरी हार्ड डिस्कवर फ्लॅकमध्येच आहे, पण प्लेअरमध्ये त्या व्ही-टू करून टाकल्यात आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता मूळ दुखणं.

माझ्याकडे ख्यालाच्या मैफलीची एक सीडी आहे. विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल, आणि सीडी कंपनीने सोयीसाठी त्याचे ट्रॅक पाडलेत, पण गाणं काही थांबत नाही, तबला चालूच आहे, फक्त तिथे नंबर बदलतो. सीडी प्लेअरवर कळतसुद्धा नाही. मी ती ३२० ला रिप केली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून एमपीथ्री बनवली, कार्डात टाकली आणि सकाळी तलावाकडे निघालो. द्रुत रंगात आलंय, तान संपवून गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतोय, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आणि... उचकी. क्षणभर काहीच नाही. मग सम. म्हणजे ट्रॅक पाडणाऱ्याने नेमका समेच्या तोंडाशी पाडलेला आणि माझ्या प्लेअरने तिथे श्वास घेतलेला. द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची असते, तेवढा गॅप पडला की सोळा मात्रांचा ताल सतरा मात्रांचा होतो. मान खाली यायला निघालेली असते ती मध्येच अडकते. हे एकदा लक्षात आलं की संपलं, पुढच्या वेळी आधीपासूनच उचकीची वाट बघत बसतो माणूस, गाणं राहतं बाजूला.

हे का होतं ते शोधलं. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करून ठेवतं, एक तुकडा ११५२ सॅम्पलचा. सीडीवर ट्रॅकची हद्द ५८८ सॅम्पलच्या पटीत असते, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. दोन्हीचा मेळ सहसा बसत नाही, मग शेवटचा तुकडा भरायला एन्कोडर पुढे शांतता चिकटवतो, शिवाय त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे सुरुवातीलाही थोडी चिकटतेच. कापडाचं माप आणि रुळाचं माप जुळलं नाही की टोकाला कोरं सोडतात तसं. ही शांतता असते थोडीच, सेकंदाचा विसावा भाग वगैरे, पण त्यात स्वस्त प्लेअर पुढची फाइल उघडायला आणखी वेळ घेतो आणि मग ती ऐकू येण्याइतकी होते.

एमपीथ्रीवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो की लेम फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवतं, पुढे इतकी सॅम्पल फालतू, मागे इतकी फालतू, आणि जो प्लेअर हे वाचतो तो तेवढं गाळून वाजवतो. त्याच फाइल माझ्या कॉम्प्युटरवर सलग वाजतात. माझा प्लेअर वाचत नाही. त्याच्या मेनूत गॅपलेस (मध्ये खंड न पडता वाजवणं) असा पर्याय आहे, चालू केला, बंद केला, परत चालू केला, फर्मवेअर बदललं, एमपीथ्रीच्या बाबतीत काही फरक नाही. तुमचा प्लेअर वाचत असेल तर हा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही.

उपाय काय कमी केले नाहीत. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक विरताना दुसरा चढवणं, लावून बघितला, तर एका तबल्यावर दुसरा तबला चढला, दोन तबलजी एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. मग सगळे ट्रॅक जोडून एकच लांब फाइल केली, गॅप गेला, पण आता नुसतं द्रुत ऐकायचं तर अर्धा तास पुढे ढकलत बसा, आणि मध्ये प्लेअर बंद पडला की परत शून्यापासून आलाप. लांब फाइलमध्ये कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी क्यू फाइल हा प्रकार त्याच्या गावीच नाही. जवळपास महिनाभर मी हे धंदे केले, बायको म्हणाली सीडी प्लेअरच उचलून ने ना तलावावर.

शेवटी वैतागून तीच सीडी फ्लॅकमध्ये टाकली. सलग! फ्लॅकमध्ये चिकटवाचिकटवी काही नसते, शेवटचा तुकडा लहान असला तर लहानच ठेवतं, जितकी सॅम्पल आत गेली तितकीच बाहेर. आणि माझा प्लेअर फ्लॅकच्या बाबतीत तरी पुढची फाइल वेळेत उघडून ठेवतो, हे माझं नशीब म्हणा, सगळेच ठेवतात असं नाही. समेवर मान खाली आली आणि खालीच राहिली. माझा निकाल तिथे लागला, आवाजाच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लोक म्हणतात कान तयार झाले की फ्लॅककडे वळतात, मी मानेमुळे वळलो.

बाकीच्या फॉरमॅटांचं थोडक्यात. एएसीलाही सुरुवातीला अशीच शांतता चिकटते आणि ती गाळायची माहिती टॅगमध्ये असते, म्हणजे पुन्हा सगळं प्लेअरच्या मर्जीवर. ओपस मला मनापासून आवडतं, २०१२ पासून आहे, १२८ लाच मला मूळ सीडीपासून वेगळं ओळखता येत नाही आणि किती सॅम्पल सोडायची हे त्याच्या रचनेतच लिहिलेलं असतं, फोनमध्ये मी तेच वापरतो. पण छोट्या प्लेअरांपैकी बरेचसे ती फाइल दाखवतही नाहीत, माझा त्यातलाच. प्लेअरवर रॉकबॉक्स (मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चढत असेल तर गोष्ट वेगळी, ते ओपसही वाजवतं आणि लेमची नोंदही वाचतं, पण ते ठरावीक मॉडेलवरच चढतं.

फ्लॅकचा मला होणारा त्रासही सांगितला पाहिजे, नाहीतर जाहिरात वाटेल. आवाजाची पातळी. सीडीवरचा ख्याल हळू, नवीन सिनेमाची गाणी अंगावर येणारी, दोन्ही एका कार्डात असली की हात सारखा व्हॉल्यूमवर. एमपीथ्रीत हे सोपं आहे, एमपीथ्रीगेन नावाचं जुनं सॉफ्टवेअर दीड-दीड डेसिबलच्या पायरीने फाइलमध्येच आवाज कमीजास्त करतं, परत एन्कोड न करता, आणि कुठल्याही प्लेअरवर ते लागू पडतं. फ्लॅकला रिप्लेगेनचा टॅग, म्हणजे आवाज किती कमीजास्त करायचा याची नोंद, लावावा लागतो आणि तो प्लेअरने वाचला तर वाचला. माझा वाचत नाही (हा प्लेअर नक्की वाचतो तरी काय असं वाटलं असेल तुम्हाला, मलाही वाटतं, पण बॅटरी उत्तम आहे). यासाठी मी सोपा मार्ग काढलाय, सिनेमाची गाणी सगळी एमपीथ्रीत ठेवली आणि गेनने खाली आणली.

बॅटरीचं म्हणाल तर फ्लॅकने लवकर उतरते असं ऐकून होतो. मला नाही जाणवलं. पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन त्याच गाडीने रात्री परत, जाता-येता फ्लॅक ऐकलं, घरी आलो तेव्हा निम्म्याच्या आसपास शिल्लक होती. फ्लॅक उलगडायला प्रोसेसरला फार डोकं लावावं लागत नाही, फक्त कार्डातून जास्त वाचावं लागतं, तर दोन्हीकडून बरोबरी होत असावी.

सेटिंगमध्ये फार रमू नका. इक्वलायझर सपाट ठेवा, बास वाढवायचाच असेल तर बाकीचे पट्टे खाली ओढा, नाहीतर आधीच काठोकाठ भरलेल्या गाण्यात ढोलकी फाटते आणि दोष हेडफोनला जातो. २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या नादाला लागू नका, सीडीच्या सव्वातीन पट कच्चा माल असतो तो आणि माझ्या प्लेअरवर चालता चालता अडखळतो. ब्लूटूथ लावणार असाल तर प्लेअर पाठवताना परत एकदा पिळून काढतोच, पण गॅप मात्र फ्लॅकमुळे तिथेही पडत नाही, निदान माझ्याकडे तरी. देवनागरी टॅग लावून बघा, वेलांटी भलत्या अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली दिसली तर रोमनमध्ये लिहा आणि नंबर ०१, ०२ असे शून्य लावून द्या, नाहीतर एकनंतर दहा वाजेल. आणि एमपीथ्रीचं फ्लॅक करत बसू नका. शेंगा चटणी कुटून झाल्यावर त्यातून अख्ख्या शेंगा निघत नाहीत, नुसता डबा मोठा होतो.

तर भाच्याला काय सांगितलं? तो सुटी सुटी गाणी शफलवर ऐकतो, सुरुवात-शेवट असलेली. त्याला म्हटलं ३२० भर, किंवा व्ही-टू भर, जागा वाचव, तुला फ्लॅकची गरज दिसत नाही. त्याने भरलं. आठवड्याने फोन, "मामा, नॉनस्टॉप मिक्स आहे ना, ते प्रत्येक गाण्याला अटकायलंय, प्लेअर खराब निघाला काय की." मिक्स कशातून घेतलं विचारलं तर मित्राकडून एमपीथ्रीच आलेलं. त्यात लेमची नोंद नसेल तर आता त्याचं फ्लॅक करून उपयोग नाही, शांतता त्यात मुरलेली. मूळ कुठे मिळतंय का बघ म्हटलंय. तोवर सगळं कार्ड भरण्याआधी माझ्याकडून त्या ख्यालाचे दोनच ट्रॅक घेऊन जा, एकदा एमपीथ्रीत, एकदा फ्लॅकमध्ये, आणि जोड जिथे येते तिथे शेवटची दहा सेकंद ऐक, असं सांगितलंय. रविवारी येतो म्हणालाय.