डिफरेन्शियलचं पॅकिंग: कागद, कॉर्क, सिलिकॉन की रबर चढवलेला पत्रा?

जीपखाली सकाळी डाग दिसला आणि त्याला गंधकासारखा उग्र वास आला, तर तो इंजिन ऑइलचा नाही, बहुधा डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गियरच्या पेटीचा. ९० नंबरच्या गियर ऑइलचा तो वास एकदा शर्टाला लागला की घरचे दोन धुण्यांनंतरही ओळखतात. मिस्त्री म्हणतो, "पॅकिंग गेलं." म्हणजे त्या पेटीच्या झाकणाखालचा, तेल अडवणारा थर. आपण दुकान गाठतो आणि पहिली चूक तिथेच करतो.

माझी जीप महिंद्राची एमएम ५४०. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात मी गाडीचं नाव सांगून मागच्या डिफरेन्शियलचं पॅकिंग मागितलं. भोकं मोजली, बरोबर दहा. घरी येऊन तेल सांडलं, झाकण काढलं, पॅकिंग टेकवलं तर चारही बाजूंनी अपुरं. ते पुढच्या एक्सलचं, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या आडव्या सांगाड्याचं होतं. त्या झाकणालाही दहाच बोल्ट असतात. गाडी दोन दिवस ठोकळ्यांवर उभी.

तेव्हा पॅकिंग मागायचं ते एक्सलच्या नावाने. मूळ अमेरिकन जीपच्या, म्हणजे विलीजच्या घराण्यातल्या या जीपना मागे सहसा डाना ४४ च्या (डाना ही एक्सल बनवणारी कंपनी, आकडा मॉडेलचा) धाटणीचा एक्सल असतो, पुढे त्याहून लहान २५ किंवा २७. डाना २५, २७ आणि ३० यांचं पॅकिंग एकमेकांना चालतं, ४४ चं त्यांना चालत नाही. हौजिंगवरचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावरचा चिखल खरवडला की ओतकामात उठावदार आकडा बऱ्याचदा सापडतो. त्यातून जुन्या गाडीचा एक्सल मधल्या एखाद्या मालकाने बदललेलाही असू शकतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे झाकणाचा छाप. काठाला बोटाने काळं ग्रीस लावा, जाड कागदावर झाकण दाबा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांची गोष्ट वेगळी. तिच्या एक्सलला मागून उघडणारं झाकणच नाही. क्राउन-पिनियनचा, म्हणजे आतल्या दोन मुख्य गियरचा गड्डा पुढच्या बाजूने बाहेर येतो आणि त्यासाठी आधी दोन्ही हाफ-शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढावे लागतात, प्रॉपेलर शाफ्ट (गियरबॉक्सकडून येणारा दांडा) सोडावा लागतो. एवढी मेहनत केल्यावर पॅकिंगवर पैसे वाचवू नयेत.

आता चार पर्याय. कागदाचं, म्हणजे फायबरच्या दाबलेल्या शीटचं पॅकिंग सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेलं. दोन्ही तोंडं सपाट असतील तर ते वर्षानुवर्षं गळत नाही. शिवाय मापाचं मिळालं नाही तर घरी कापता येतं. ओतीव हौजिंगवर शीट ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारल्या की कागद धारेवर आपोआप कापला जातो. पत्र्याच्या झाकणाची कड गोलसर असते, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे वरचा ग्रीसचा छाप घ्यायचा आणि भोकं पंचने पाडायची. तोटा एकच, झाकण उघडलं की हे पॅकिंग फाटतं. आणि जुनं खरवडताना जपा. पूर्वीच्या शीटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून तेलाने ओलं करून खरवडा, हवा मारू नका. ड्रिलला पॉलिशपेपरची चकती लावून घासणं तर नकोच, ती कच बेअरिंगमध्ये जाते.

कॉर्क जाड असतं, त्यामुळे थोडा वाकडेपणा खपवून घेतं. म्हणूनच मिस्त्रींना आवडतं. पण बोल्ट जरा जास्त आवळला की ते चिरडून बाहेर येतं, आणि दुकानात वर्षानुवर्षं टांगून सुकलेलं कॉर्क भोकांशी जुळत नाही. (कोमट पाण्यात भिजवलं की पुन्हा पसरतं.) मी आता घेत नाही.

ट्यूबमधलं सिलिकॉन, मिस्त्रींच्या भाषेत 'अ‍ॅनाबॉन्ड', मापाची भानगडच मिटवतं. पॅकिंग मिळतच नसेल अशा एक्सलला हाच खरा मार्ग. पण दोन्ही तोंडं थिनरने पुसून कोरडी ठक्क हवीत. हौजिंगच्या तळातून तेल पाझरत राहतं, त्यामुळे इथेच बहुतेकांचं फसतं. साधारण तीन मिलिमीटरची एकसंध दोरी, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने. मिस्त्रीच्या सवयीप्रमाणे अर्धी ट्यूब फासली तर आत लोंबणारे तुकडे सुटून तेलाच्या वाटेत अडकतात. तेल भरायची घाई नको, रात्रभर राहू द्या. न्हाणीघरासाठीचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन गियर ऑइलसमोर टिकत नाही.

चौथा पर्याय, पोलादी पत्र्यावर रबराची कड चढवलेलं पॅकिंग. अमेरिकेतलं लूबलॉकर हे त्यातलं ओळखीचं नाव. महाग, बाहेरून मागवावं लागतं, पण काढून पुन्हा बसवता येतं. पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे ओलांडणाऱ्याला त्याची किंमत कळते. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, फट मिळेल तिथून पाणी ओढलं जातं, आणि तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसायला लागतं. अशा गाडीचं झाकण वर्षातून दोनदा उघडतंच.

मी जीपला कागद लावला आणि तो टिकला, पण त्याआधी झाकण सरळ केलं. पूर्वी कुणीतरी बोल्ट करकचून आवळल्याने प्रत्येक भोकाभोवती पत्रा फुगला होता. काचेवर ठेवलं तर डगडगत होतं. ऐरणीवर धरून हलक्या हातोडीने ती भोकं बसवायला अर्धा तास लागला. असं वाकडं झाकण तसंच ठेवून चारांतलं काहीही लावा, गळती परत येईल. सरळ होण्यापलीकडे गेलं असेल तर सिलिकॉन. दर पावसाळ्यात पाण्यात जात असाल तर रबर-पत्रा. बाकीच्यांना कागद पुरे. डाना ४४ चे बोल्ट समोरासमोरचे घेत साधारण ३५ फूट-पाउंडावर आवळायचे. एखाद्या बोल्टाखाली पत्र्याची चिठ्ठी असेल तर ती फेकू नका, तिच्यावर गियरचं प्रमाण असतं.

हे सगळं पॅकिंगच गळतंय असं गृहीत धरून. हौजिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) चिखलाने बुजला असेल तर आतला दाब पिनियनच्या सीलमधूनही तेल ढकलतो, म्हणून आधी तो फुंकून बघा. आणि झाकणाला पाना लावण्यापूर्वी तेल भरायचा प्लग सुटतोय ना, हे पाहा. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच सांडलं असेल, तर नवं पॅकिंग हातात घेऊन बसावं लागतं.