प्लेफेअर, बोदोनी मोदा की रोझा वन: लग्नपत्रिकेला कुठला घ्यायचा?

तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि तिघांचा नखराही सारखाच, एक रेघ जाडजूड तर दुसरी केसाएवढी, त्यामुळे कुठलाही टाकला तरी चालेल असं वाटतं. नाही चालत. मावसबहिणीच्या पत्रिकेत मी हे करून बसलोय.

तिची नावाची ओळ इंग्लिशमधे हवी होती, म्हणून बोदोनी मोदा घेतला. ९० पॉइंटला मस्त जमवला, कोरलमधे (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे) कर्व्ह केला, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के करून टाकले, आणि मग जागा पुरेना म्हणून तसाच ओढून १४ पॉइंटएवढा बारीक केला. वर मरून बॅकग्राउंड, त्यात पांढरी अक्षरं. छापून आलं तेव्हा 'एन'च्या दोन्ही उभ्या काड्या शाईने गिळलेल्या, उरली ती फक्त मधली तिरपी! चूक माझीच, कारण या फॉन्टमधे ऑप्टिकल साइझची सोय आहे, म्हणजे छोट्या साइझला बारीक रेघा थोड्या जाड होतात, पण मी मोठ्या साइझची अक्षरं गोठवूनच बारीक केली, मग ती सोय काय करणार. बोदोनी हा मूळचा इटलीतल्या पार्मा शहरातल्या जांबातिस्ता बोदोनीचा, १८व्या शतकाच्या शेवटचा. तेव्हा कागद गुळगुळीत झाले, छपाई सुधारली म्हणून इतक्या नाजूक रेघा काढायची हिंमत आली. तुमचा कागद खरखरीत हँडमेड असेल तर सरळ विसरा. गुळगुळीत पांढरा कागद, काळी शाई, मोठं नाव आणि आजूबाजूला भरपूर रिकामी जागा असेल तर मात्र याच्यासारखा रुबाब दुसऱ्याला नाही.

प्लेफेअर डिस्प्ले जरा समजूतदार. क्लाउस एगर्स सोरेनसनने २०११मधे आणला, १८व्या शतकातल्या इंग्रज मुद्रक बास्करव्हिलच्या काळाची आठवण ठेवून. कॉन्ट्रास्ट, म्हणजे जाड-बारीक रेघांतला फरक, आहे पण टोकाचा नाही, म्हणून व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होऊन होऊन फोटो धुरकट झाला तरी नाव वाचता येतं. इटॅलिक सुंदर आहे, दोन नावांच्या मधलं 'अँड'चं चिन्ह त्यातलंच घ्या. एक खोडी आहे, याचे इंग्लिश आकडे जुन्या पद्धतीचे, काही ओळीखाली लोंबतात, त्यामुळे मोबाइल नंबर झोके घेतल्यासारखा दिसतो. लायनिंग, म्हणजे एका रेषेत सरळ उभे राहणारे, आकडे आत असतात, पण ऑन करावे लागतात. (आणि हो, सगळीकडे हाच दिसतो, कॅफेच्या मेनूपासून पार्लरच्या बोर्डापर्यंत, त्याचा कंटाळा आला असेल तर हा न घ्यायला ते कारणही पुरेसं आहे.)

आता मुद्द्याचं. या दोघांत देवनागरी नाहीच. 'शुभविवाह' टाइप केलंत तर कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि ते ठिगळ लगेच दिसतं.

मराठी हवं असेल तर रोझा वन, इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच वळणाचे. फक्त एकच वजन (रेघांची जाडी) आहे आणि तेच चांगलं जाड आहे, त्यामुळे बोल्डचं बटण दाबू नका, खोटा बोल्ड होऊन बारीक रेघा सुजतात आणि सगळी मजा जाते. वर 'शुभविवाह' आणि खाली वधूवरांची नावं, एवढंच यात करा. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'वाला मजकूर मुक्तासारख्या साध्या फॉन्टमधे, नाहीतर आजोबा चष्मा शोधत बसतील.

मी बहिणीची पत्रिका शेवटी रोझामधे मराठीतच केली, क्रीम कागदावर मरून अक्षरं. यावेळी आधी एक प्रिंट काढून हातभर लांबून वाचून बघितली, मगच छापायला दिली.