चायनीज हर्बल की आपलं देशी: पुण्यातल्या व्हेटने आधी काय शिकावं?

परवा शिरवळच्या कॉलेजातून पास झालेली एक ज्युनियर क्लिनिकवर आली होती, सध्या कोथरूडला एका सीनियर सरांकडे काम करते, आणि चहा यायच्या आधीच विचारलं, "ताई, प्राण्यांच्या चायनीज हर्बल मेडिसिनचा कोर्स करू, का आपलं देशी एथनोव्हेट, म्हणजे पशुपालकांचे पारंपरिक उपचार, शिकू? दोन्हीचे पैसे एकदम नाही जमणार." वर्षभरात हाच प्रश्न मला तीन-चार जणांनी विचारलाय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी एका परदेशी संस्थेचे चायनीज हर्बलचे ऑनलाइन मॉड्यूल केलेत आणि देशी उपचारांचं ट्रेनिंगही घेतलंय, प्रॅक्टिस सिंहगड रोडला, निम्मे पेशंट कुत्री-मांजरं आणि निम्मे पानशेतच्या बाजूच्या गायी-म्हशी, त्यामुळे दोन्हीचा उपयोग कुठे होतो आणि कुठे अडतं ते रोज दिसतं.

उत्तर आधीच देते. गोठ्यावर जात असाल तर देशी, फार विचारसुद्धा करू नका. फक्त शहरातली कुत्री-मांजरं बघत असाल तर चायनीज कोर्स चांगला आहे, पण तो पेशंटकडे बघायची पद्धत शिकायला, औषधांसाठी नाही, कारण त्यातली बरीचशी औषधं पुण्यात तुमच्या हातात येणारच नाहीत. आणि लोक नेमका हाच विचार फी भरून झाल्यावर करतात.

आता चायनीजकडे काय काय आहे ते. सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते फ्लोरिडातल्या ची इन्स्टिट्यूटचं, डॉ. हुइशेंग शिए यांनी १९९८ साली सुरू केलेली, आता ची युनिव्हर्सिटी म्हणतात. दुसरी ऑस्ट्रेलियाची सीआयव्हीटी हे कॉलेज, तिथे ऑनलाइन शिकता येतं आणि चायनीज हर्बल आणि वेस्टर्न हर्बल असे दोन्ही रस्ते आहेत. तिसरी आयव्हीएएस, प्राण्यांच्या अॅक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था, १९७४ पासूनची, मूळ ओळख अॅक्युपंक्चरची. व्हेटरिनरी डिग्री हवीच. बरेच जण आधी अॅक्युपंक्चर करून मग हर्बलला येतात आणि माझ्या मते तोच क्रम बरा, कारण सुया इथे मिळतात आणि शिकलेलं दुसऱ्या दिवसापासून वापरता येतं.

शिकवण्याची पद्धत मात्र खरंच सुंदर आहे, इथे जरा थांबते. कुत्र्याची नाडी मागच्या पायाच्या आतल्या बाजूला मांडीवर बघायची, जीभ बघायची, फिकट का लाल का जांभळट, ओली का कोरडी, मग विचारायचं की हा थंड फरशी शोधतो का अंथरुणात शिरतो, पाणी घटाघटा पितो का जरा जरा, रात्री अस्वस्थ होतो का. समजा खाजेचे दोन लॅब्राडोर आले. एकाची कातडी कोरडी, कोंडा पडतोय, तहान जास्त, रात्री खाजवतो. दुसऱ्याचं पोट लालबुंद, ओलसर, वास येतोय, कानात मळ, आणि पावसाळा लागला की हमखास वाढतं. आपण दोघांना एकच गोळी लिहून देतो. चायनीज पद्धतीत पहिला कोरडेपणाचा पेशंट आणि दुसरा ओल आणि उष्णता एकत्र आल्याचा, म्हणजे फॉर्म्युले दोन वेगळे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला वेळच लागत नाही हो, आपण लहानपणापासून पपई उष्ण पडते, ताक थंड, सुंठ गरम असंच ऐकत आलोय. त्यांच्याकडे पाच चवी, आयुर्वेदात सहा रस, त्यांच्याकडे औषधाचे थंड-शीत-कोमट-उष्ण असे चार स्वभाव, आपल्याकडे वीर्य, म्हणजे औषधाचा उष्ण-शीत गुण. फॉर्म्युला बांधायची रीतही लक्षात राहते, एक सम्राट औषध, त्याचा मंत्री, मदतनीस, आणि एक दूत जो बाकीच्यांना जागेवर नेतो. हे शिकल्यापासून माझी हिस्टरी घ्यायची पद्धतच बदलली, मालक पण म्हणतात की मॅडम एवढं आधी कुणी विचारलं नव्हतं.

पण एक गोष्ट पुण्याच्या व्हेटने मनात पक्की ठेवायची. जीभ फिकट म्हणजे रक्ताची कमतरता असं तिकडे शिकवतात, आणि आपल्याकडे जीभ फिकट दिसली की आधी गोचीड ताप. आधी रक्ताच्या तपासण्या, म्हणजे सीबीसी, स्मिअर, त्यात गोचिडातून येणारे एर्लिचिया-बॅबेसिया बघायचे, नाडीचा विचार त्याच्यानंतर. या क्रमात चूक झाली तर कुत्रं हातचं जाईल, आणि तेव्हा सर्टिफिकेट भिंतीवर असून काही उपयोग नाही.

बरं, औषधांचं काय? लिउ वेइ दि हुआंग वान नावाचा एक प्रसिद्ध फॉर्म्युला आहे, सहा औषधांचा, सोंग काळातल्या चियान यी नावाच्या बालवैद्याचा, म्हणजे मुळात लहान मुलांसाठीचा, आणि आज म्हाताऱ्या, किडनी थकलेल्या कुत्र्या-मांजरांना देतात. मॉड्यूल झाल्यावर मी उत्साहात त्या सहाच्या सहा नावांची यादी घेऊन मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले. एकही मिळालं नाही. त्यातला एक कंद आपल्या कोनफळाच्या जवळचा आहे पण जात वेगळी, आणि जात वेगळी म्हणजे औषध वेगळं, तिथे जुळवून घ्यायचं नसतं. गंमत बघा, त्याच दुकानात रेवंदचिनी आहे, चोपचिनी आहे, कबाबचिनी आहे, नावातच चिनी. चोपचिनी तर सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात द्वीपांतरवचा म्हणून फिरंग रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, सांगितलीय. रेवंदचिनी त्यांची दा हुआंग, तिथे जवळची नाती सापडतात. पण निम्म्या फॉर्म्युल्यांतल्या वनस्पतींना इथे काहीच नाही. परदेशातून मागवायचं म्हटलं तर औषध आयातीला परवाना लागतो. मी एकदा कुरियरने थोडंसं मागवलं, कस्टममध्ये अडकलं, कागद मागितले, माझ्याकडे नव्हते, पार्सल परत गेलं आणि पैसेही गेले. त्यानंतर मी तो नाद सोडला. आणि काही ठिकाणी शिकवणाऱ्यांचाच औषधांचा ब्रँड असतो, अभ्यासक्रम त्या डब्यांभोवती फिरतो, फ्लोरिडात राहणाऱ्याला ते सोयीचं आहे पण वडगावच्या डॉक्टरला नाही.

एक केस सांगते म्हणजे कळेल. अकरा वर्षांचा लॅब्राडोर, स्प्लीनवर गाठ, आतल्या आत रक्तस्राव होऊन गेलेला. मालकीणबाईंची मुलगी सिंगापूरला, तिने युन्नान बायाओ हे रक्तस्राव थांबवायचं चिनी औषध पाठवलं. त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलवर ठेवलं, सगळं चिनी लिपीत, सोळा कॅप्सूलची स्ट्रिप आणि मधोमध वेगळ्या खणात एक बारीकशी लाल गोळी. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ही लाल रोज द्यायची का?" ती लाल गोळी जोराच्या रक्तस्रावासाठी राखून ठेवतात, रोजची नाही, हे मला कोर्समुळेच माहीत होतं, नाहीतर मी पण अंदाजच केला असता. पण त्याच औषधाचा पूर्ण फॉर्म्युला चीनमध्ये सरकारी गुपित आहे, आणि त्यात विषारी बचनागाच्या कुळातली वनस्पती असते. हृदयाच्या उजव्या कप्प्यावर गाठ असलेल्या कुत्र्यांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, त्यात या औषधाने हृदयाभोवती पुन्हा पाणी भरायचं लांबलं नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि सर्जरीला पाठवलं. या केसमध्ये शिकलेलं कामाला आलं ते औषध देण्यासाठी नाही तर घरात आलेलं औषध समजून घेण्यासाठी, आणि पुण्यात हे वाढणार आहे कारण प्रत्येक सोसायटीत कुणाचं ना कुणाचं पोरगं बाहेर आहे.

आता देशी बाजू. पानशेत रोडला एक काकू आहेत, चार जर्सी, त्यातल्या एकीला दगडी, म्हणजे कासेची सूज, कास कडक, सड गरम, दुधात गुठळ्या. तिथे मी जे केलं ते टीएएनयूव्हीएएस या तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या तंजावरच्या केंद्रातून आणि बंगळुरूच्या टीडीयू या विद्यापीठातून पसरलेलं मिश्रण, एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळपण तेच सांगते. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, मिक्सरला फिरवायचं. काकूंनी त्यांच्या किचनमधलाच मिक्सर ओट्यावर ठेवला, कोरफडीचे काटे काढून तुकडे टाकले, हळद टाकली तोपर्यंत पिवळं, चुना पडला आणि भांडं फिरलं तसं एकदम कुंकवासारखं लाल. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलं कुंकूच की!" मग दूध पूर्ण काढून, कास धुऊन, मूठभर लगदा दीडशे-दोनशे मिली पाण्यात कालवून सगळ्या कासेला लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस, रोज ताजा करायचा, आणि पहिले तीन दिवस रोज दोन लिंबं खायला. दहा वेळा म्हणजे दहाच वेळा, तीनदा लावून गुण नाही आला म्हणू नका. ताप आला, गाय बसली, खाणं सोडलं तर अँटिबायोटिक लागणारच, तिथे हट्ट करायचा नाही. पण सुरुवातीच्या दगडीत याने भागलं तर अँटिबायोटिकमुळे डेअरीला दूध न घालता ओतून द्यायचे दिवस वाचतात, आणि घर दुधावर चालतं तिथे हे फार मोठं आहे.

शिकायलाही सोपं. ट्रेनिंग थोड्या दिवसांची असतात, एनडीडीबीची माहितीपत्रकं आणि व्हिडिओ भारतीय भाषांमध्ये आहेत, आणि आपल्या पुण्यातच अंत्रा ही संस्था १९९२ पासून पशुपालकांचं पारंपरिक ज्ञान गोळा करतेय. वस्तू किचनमधून, परसातून आणि किराणा दुकानातून येतात. मालकाला तुम्ही काय लावताय ते दिसतं, कळतं, पुढच्या वेळी तो स्वतः करतो.

कमी पडतं ते कुत्र्या-मांजरांत. हे सगळं गायी-म्हशी-शेळ्यांभोवती उभं राहिलंय. जुने ग्रंथ घेतले तरी शालिहोत्र घोड्यांचा, पालकाप्य हत्तींचा, आणि चिनी लोकांचा १६०८ सालचा मोठा ग्रंथपण घोड्यांचाच, सोफ्यावरच्या पर्शियन मांजराचा विचार दोन्हीकडे जुन्यांनी केलेला नाही. फरक हा की चायनीजवाल्यांनी गेल्या काही दशकांत कुत्र्या-मांजरांसाठी डोस, फॉर्म्युले, केस लिहून ठेवल्यात, आपल्याकडे तेवढी बांधणी झालेली नाही आणि ते मला मनापासून लागतं. गायीच्या कितीतरी देशी औषधांत लसूण असतो, तोच मालकाने मांजराला दिला तर लाल पेशी फुटतात, अॅनिमिया होतो. मांजराचं लिव्हर कितीतरी गोष्टी आपल्यासारख्या पचवून बाहेर टाकूच शकत नाही. हे थोड्या दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये कुणी खोलात सांगत नाही.

विषारीपणाचा भाग कोणता कोर्स किती शिकवतो हे मी सगळ्यात वर ठेवेन. चांगल्या चायनीज कोर्समध्ये औषधाचं औषधाशी काय होतं हे पद्धतशीर येतं. जेष्ठमध त्यांच्या कित्येक फॉर्म्युल्यांत असतो, तो शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो, म्हणजे हार्टच्या पेशंटला किंवा स्टिरॉइडवर असलेल्या कुत्र्याला जपून. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरी गेली, त्यातल्या अॅरिस्टोलोकिक अॅसिडने माणसांच्या किडन्या गेल्या. बचनाग त्यांच्याकडेपण आहे, आपल्याकडेपण, शोधन, म्हणजे त्यातलं विष कमी करायची प्रक्रिया, नीट नसेल तर दोन्हीकडे मारतो. पारा असलेली रसौषधं कुत्र्याला देऊ नका, कुणीही कितीही सांगितलं तरी. आणि प्राण्यांचे अवयव, अस्वलाचं पित्त, खवल्या मांजराचे खवले, याला हातही लावायचा नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि चीननेही २०२० मध्ये खवल्या मांजराला आपल्या औषधी यादीतून काढलंय.

पैशांचं फार लिहीत नाही, परदेशी कोर्सची फी डॉलरमध्ये असते आणि प्रॅक्टिकलला जायचं झालं तर तिकीट-व्हिसा वेगळा, देशी ट्रेनिंग त्याच्या शेजारी खूप स्वस्त. आणि दोन्हींपैकी कशानेही तुमचं रजिस्ट्रेशन बदलत नाही, १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे तुमची ओळख बीव्हीएस्सीचीच, त्यामुळे "चायनीज स्पेशालिस्ट" असा बोर्ड लावायचा मोह नको.

त्या ज्युनियरला मी म्हटलं, तुझे सर फक्त पेट्स बघतात, तुझा जीव म्हाताऱ्या कुत्र्यांत अडकतो, तर आधी अॅक्युपंक्चर कर, मग वर्षाने हर्बल, आणि मध्ये एखाद्या रविवारी माझ्याबरोबर गोठ्यावर ये, दगडीचं मिश्रण स्वतःच्या हाताने कर. तुझ्या जागी भोर-वेल्ह्यात फिरणारा कुणी असता तर त्याला मी आजच बंगळुरूला फोन लाव म्हटलं असतं. आणि कोर्सची फी भरायच्या आधी एक काम कर. त्यांच्या वेबसाइटवरून कुठलेही पाच फॉर्म्युले घे, प्रत्येक वनस्पतीचं लॅटिन नाव मराठीत नीट लिहून काढ, आणि यादी घेऊन मंडईत जा. जे मिळेल त्यावर टिक कर, दुकानदार "त्याच्यासारखंच आहे मॅडम, घेऊन जा" म्हणाला तर त्यावर फुली मार. ती यादी घेऊन पुढच्या शनिवारी ये, मग बसून ठरवू.