जनरल प्रॅक्टिसमध्ये एनसीव्ही मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी) म्हणजे नसेला हलका विजेचा झटका देऊन तिच्यातून संदेश किती वेगाने जातो ते मोजणं. दोन चॅनेलचं पोर्टेबल मशीन, वापर मुख्यतः दोन तक्रारींसाठी: रात्री झोपमोड करणाऱ्या हाताच्या मुंग्या आणि मधुमेहींच्या पायांची बधिरता. या दोन प्रश्नांना मशीन चांगलं उत्तर देतं. त्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

सर्वात जास्त चुका तापमानामुळे होतात. त्वचा एक अंशाने थंड झाली तरी नसेतल्या संदेशाचा वेग सेकंदाला साधारण 2 मीटरने घटतो आणि लेटन्सी (झटक्यापासून लहर दिसेपर्यंतचा वेळ) सुमारे 0.2 मिलिसेकंदाने लांबते. म्हणजे थंड हाताच्या निरोगी माणसालाही कार्पल टनेलचं (मनगटात मीडियन नस दबण्याचं) लेबल लागू शकतं. हाताची त्वचा किमान 32 अंश आणि पायाची 30 अंश असावी. कमी असेल तर कोमट पाण्याने शेकायचं, नीट पुसायचं आणि पुन्हा मोजायचं. गणिती दुरुस्तीपेक्षा शेक कधीही चांगला. थंडीत ॲम्प्लिट्यूड (लहरीची उंची) उलट वाढतं. त्यामुळे वेग मंद आणि लहर मोठी दिसली, की आधी थर्मामीटर लावावा.

कार्पल टनेलसाठी अनामिकेची तुलना फार उपयोगी. या बोटाला मीडियन (अंगठ्याच्या बाजूची) आणि अल्नर (करंगळीच्या बाजूची) दोन्ही नसा पुरवठा करतात. बोटावर रिंग इलेक्ट्रोड, मनगटावर दोन्ही नसांना सारख्याच 14 सेंमी अंतरावरून उत्तेजन. लेटन्सीत 0.5 मिलिसेकंद किंवा जास्त फरक आला तर मीडियन दबलेली आहे. तापमान आणि वय दोन्ही नसांना सारखंच लागू असल्याने त्यांचा गोंधळ इथे कमी होतो. मात्र करंट जरुरीपेक्षा जास्त दिला तर तो अल्नरवर पसरतो, तिची वेळेवर येणारी लहर मीडियनची म्हणून मोजली जाते आणि आजारी हात निरोगी ठरतो. लहर वाढायची थांबली की त्या करंटच्या वर आणखी 20 टक्के, बस्स. अंतर डोळ्याच्या अंदाजाने धरू नये, टेपने मोजावं.

मधुमेहींच्या पायासाठी सुरल नस (पोटरीच्या मागून बाहेरच्या घोट्याकडे येणारी संवेदी नस) तपासायची. तिच्यासाठी इलेक्ट्रोड बाहेरच्या घोट्यामागे, उत्तेजन पोटरीवर मध्यरेषेच्या किंचित बाहेर, 14 सेंमी वर. कॅथोड (झटका देणाऱ्या साधनाचं ऋण टोक) घोट्याकडेच हवा. उलटा धरला तर लेटन्सी खोटी येते. ग्राउंड इलेक्ट्रोड दोघांच्या मध्ये. 6 मायक्रोव्होल्टपेक्षा लहान लहर संशयास्पद. पण सूजलेल्या पायात ती निरोगी माणसातही लहान येते, आणि सत्तरीपुढे लहर मिळालीच नाही तरी तेवढ्यावर निदान करू नये. सुरुवातीलाच मोठा आर्टिफॅक्ट (नसेचा नसलेला, खोटा सिग्नल) आला तर बहुधा पायाला तेल किंवा क्रीम लागलेलं असतं, नाहीतर जेल पसरून दोन इलेक्ट्रोड जोडले गेलेले असतात. स्पिरिटने पुसलं की अर्धं काम होतं.

आता मर्यादा. पायांची जळजळ असूनही रिपोर्ट नॉर्मल येणं अगदी शक्य आहे, कारण ही तपासणी जाड तंतूंची आहे. बारीक तंतूंचा बिघाड तिला दिसत नाही. मणक्यात नस दबली असेल तरी संवेदी लहर शाबूत राहते, कारण दाब गँग्लियनच्या (संवेदी नसपेशींच्या गाठीच्या) आत, मज्जारज्जूच्या बाजूला असतो. म्हणून मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि कंप तपासायचा 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेबलावर हवाच. आणि काही दिवसांत पायांकडून वर चढणारा अशक्तपणा असेल, तर मशीन सुरूच करू नये: गिलेन-बारेमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार) पहिल्या आठवड्यात तपासणी नॉर्मल येऊ शकते. असा रुग्ण थेट रुग्णालयात पाठवावा.