झॅडिग : ड्रायव्हर चोख बसवणारे, पण पुढची तपासणी आपल्यावर सोडणारे साधन

विंडोजवर आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून रेडिओलहरी ऐकू पाहणाऱ्याची पहिल्याच पायरीवर झॅडिग या छोट्या, विनामूल्य प्रोग्रामशी गाठ पडते. पेनड्राइव्हवर विंडोज भरण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा रूफस ज्यांनी लिहिला, त्या पीट बातार यांचेच हे काम असून त्याचा मूळ कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. फाइल उतरवून अॅडमिन परवानगीने उघडली की झाले.

त्याची गरज का पडते, हे आधी पाहू. हे डोंगल मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी निघाले. त्यांतील आरटीएल२८३२यू ही चिप सिग्नलचे कच्चे नमुने थेट संगणकाकडे पाठवू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि स्वस्तातला रेडिओ रिसीव्हर जन्माला आला. आपल्याकडे दूरदर्शनचे डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ पद्धतीचे आहे आणि ही चिप फक्त जुनी डीव्हीबी-टी पद्धत जाणते, त्यामुळे टीव्हीसाठी तिचा इथे तसाही उपयोग नाही. विंडोज मात्र डोंगलला टीव्ही ट्यूनर समजून त्याच प्रकारचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, बसवते, आणि तो ड्रायव्हर जागा अडवून बसला असेपर्यंत एसडीआर प्रोग्रामला डोंगलपर्यंत पोहोचता येत नाही. झॅडिग त्या जागी विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचाच सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते. लिबयूएसबी-विन३२ आणि लिबयूएसबीके हेही पर्याय यादीत असतात, पण या कामासाठी त्यांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष काम एकाच खिडकीत होते. ऑप्शन्समधून ‘लिस्ट ऑल डिव्हायसेस’ निवडले की जोडलेल्या सगळ्या यूएसबी उपकरणांची यादी उघडते, डावीकडे सध्याचा ड्रायव्हर दिसतो, उजवीकडे नवा, आणि खाली ‘रिप्लेस ड्रायव्हर’चे मोठे बटण. खरी जोखीम आहे ती या यादीतच, कारण तिच्यात आपला कीबोर्ड, माउस आणि वेबकॅमही असतात, आणि चुकून कीबोर्डवर विनयूएसबी बसवला तर तो त्याच क्षणी मुका होतो. शिवाय डोंगलचे नाव प्रत्येक वेळी सारखे दिसेलच असे नाही. कधी ते ‘बल्क-इन, इंटरफेस’ असे अगदीच मोघम असते. म्हणून नावावर न विसंबता खालच्या चौकटीतला यूएसबी आयडी पाहावा : रिअलटेकच्या या डोंगलांवर तो सहसा ०बीडीए आणि २८३८ असा असतो. त्याचे ‘इंटरफेस ०’ आणि ‘इंटरफेस १’ असे दोन भाग दिसले तर पहिलाच निवडावा. दुसरा रिमोटच्या इन्फ्रारेडसाठी असतो.

ड्रायव्हरवर डिजिटल सही नसेल तर विंडोज अडवते, ही अडचण झॅडिगने कौतुकास्पद रीतीने सोडवली आहे. ते त्या उपकरणापुरते प्रमाणपत्र जागीच तयार करते, त्याने सही करते आणि सहीची खाजगी किल्ली लगेच नष्ट करते, जेणेकरून त्याच प्रमाणपत्राच्या आडून दुसरे कोणी काही खपवू नये. इतकी काळजी घेणारी विनामूल्य साधने फार नाहीत.

मात्र ‘यशस्वी’ असा संदेश झळकला म्हणजे डोंगल चालू लागला, असे समजू नये. ती खात्री झॅडिग देत नाही. त्यासाठी आरटीएल-एसडीआरच्या प्रोग्राम-संचातील आरटीएल_टेस्ट ही आज्ञा चालवावी लागते. सर्व ठीक असेल तर ती डोंगलमधल्या ट्यूनर चिपचे नाव सांगते, ती आर८२०टी असल्यास गेनच्या (सिग्नल किती वाढवायचा याच्या) २९ पायऱ्या छापते आणि सेकंदाला २०,४८,००० नमुने वाचू लागते. उपकरण उघडता न आल्याची चूक दाखवली, तर बहुधा विनयूएसबी भलत्याच इंटरफेसवर बसलेला असतो. वाचन सुरू होऊन सतत नमुने हरवल्याच्या ओळी येत असतील, तर दोष बहुतेकदा ड्रायव्हरचा नसून हबचा, वायरचा किंवा पोर्टचा असतो. तेव्हा डोंगल थेट संगणकाला जोडून पुन्हा पाहावे. सुरुवातीला एखादी ओळ आली तर ती मनावर घेऊ नये. यानंतर मुंबईकरांनी १०७.१ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी रेनबो लावून पाहावे. स्वस्त डोंगलच्या वारंवारता ठरवणाऱ्या स्फटिकात ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक असली तरी या ठिकाणी ती जेमतेम ५ किलोहर्ट्झ भरते, त्यामुळे एफएमच्या रुंद पट्ट्यात कानाला फरक जाणवत नाही. अरुंद पट्ट्याचे सिग्नल पकडायचे असतील, तेव्हा मात्र ती दुरुस्त करावी लागते.

माझी खरी तक्रार परतीच्या वाटेविषयी आहे. मूळ ड्रायव्हर पुन्हा बसवण्याचे बटण झॅडिगमध्ये नाही. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, ड्रायव्हरची फाइलही काढून टाकण्याच्या चौकटीवर खूण करून उपकरण अनइन्स्टॉल करावे लागते आणि मग डोंगल काढून पुन्हा जोडावा लागतो. सराईत माणसाला यात काही वाटणार नाही. पण चुकून माउसचा ड्रायव्हर बदलून बसलेल्या नवख्याला हे सारे फक्त कीबोर्डवर करावे लागते, आणि नेमकी त्याच्यासाठीच या खिडकीत परतीच्या वाटेची एकही सूचना नाही.