लंडनहून पॅरिसला: बोगदा, बस की बोट?

लंडन आणि पॅरिस नकाशावर इतकी जवळ दिसतात की कशाने जायचे याचा फार खल करावा लागेल असे सुरुवातीला कुणालाच वाटत नाही. तिकिटांचे दर समोर आले की मात्र खल सुरू होतो. युरोस्टार या बोगद्यातून जाणाऱ्या आगगाडीचे तिकीट बरेच आधी आणि आठवड्याच्या मधल्या वारी काढले तर साधारण ५० ते ६० पौंडांत मिळून जाते. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीचे आयत्या वेळी काढायला गेलात तर २०० पौंडही पुरत नाहीत. एवढ्या पैशांत रात्रीची बस बहुतेक वेळा अख्ख्या कुटुंबाला पोहोचवते. त्यामुळे भारतातून आई-वडील किंवा मित्रमंडळी आली आणि ‘एवढे आलोच आहोत तर पॅरिसही करू’ असे ठरले, की लंडनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. मी या वाटेने आगगाडीने, बसने आणि बोटीने असा तिन्ही प्रकारे गेलो आहे. पुढचे सारे त्या अनुभवावर आणि मुख्यतः भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यांच्या सोयीने लिहिले आहे, कारण निवड बदलते ती नेमकी या पासपोर्टमुळे.

स्वतःची मोटार घेऊन जाण्याचा पर्याय मी फारसा विचारात घेतलेला नाही. फोकस्टनला मोटार शटलवर, म्हणजे बोगद्यातून वाहने नेणाऱ्या आगगाडीवर चढवली की पस्तीस मिनिटांत पलीकडे उतरता येते हे खरे. पण पॅरिसमध्ये ती मोटार ठेवायची कुठे आणि चालवायची कशी, हा पुढचा व्याप सुटीचे निम्मे समाधान घालवतो. नॉर्मंडीतली खेडी पाहायची असतील तर गोष्ट वेगळी.

आगगाडीबद्दल जाहिरातीतला आकडा सव्वादोन तासांच्या जवळपासचा असतो आणि तो खोटा नाही, अपुरा आहे. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर गाडीच्या किमान तासभर, आणि गर्दीच्या दिवसांत दीड तास आधी पोहोचावे लागते, कारण सुटण्याच्या सुमारे अर्धा तास आधी फाटक बंद होते. तिथले प्रतीक्षालय मुळात आजच्या गरजेसाठी बांधलेलेच नाही. २००७ च्या नोव्हेंबरात ही गाडी वॉटर्लू सोडून सेंट पँक्रसला आली, तेव्हा ब्रिटिश प्रवाशाचा पासपोर्ट नुसता पाहून पुढे सोडत असत. २०२१ पासून त्याच्याही पासपोर्टवर शिक्का पडू लागला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशांच्या नागरिकांची प्रवेश-निर्गमाची नोंद संगणकावर घेण्याची नवी युरोपीय पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. रांग वाढली, जागा मात्र फारशी वाढली नाही. सुटीच्या दिवशी सकाळी तिथे बसायला खुर्ची मिळाली तर ते नशीब समजावे. सारे धरून लंडनच्या उपनगरातल्या घरापासून पॅरिसच्या हॉटेलापर्यंत पाच तास लागतात, असा माझा अंदाज आहे.

पाहुण्यांचा एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. समुद्राखालून जाताना काचेतून मासे दिसतील, अशी आशा बाळगून येणारे लोक मला अजूनही भेटतात. बोगदा पन्नास किलोमीटरचा आहे, त्यातला अडतीस किलोमीटरांच्या जवळपासचा भाग समुद्रतळाखाली आहे, आणि त्या साधारण वीस मिनिटांत खिडकीत आपला स्वतःचा चेहरा सोडून दुसरे काहीही दिसत नाही.

समुद्र बघायचा असेल तर बोटीला पर्याय नाही. व्हिक्टोरिया स्थानकावरून लुइसला गाडी बदलून न्यूहेवन, तिथून चार तासांची बोट, पलीकडे दिएप, मग रुआँमार्गे पॅरिसचे साँ-लझार स्थानक, अशी ही वाट आहे. बोगदा होण्याआधी पॅरिसची माणसे आगगाडी आणि बोट अशी जोडवाट धरूनच लंडनला येत. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना पॅरिसहून आल्याबरोबर अटक झाली ती याच व्हिक्टोरिया स्थानकावर. न्यूहेवन सोडल्यावर डेकवरून दिसणारे सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे आणि दिएपच्या बंदरात शिरताना दिसणारा तसाच पांढरा फ्रेंच किनारा या दोन दृश्यांसाठी हा प्रवास एकदा करावा असे मी जरूर म्हणेन. पायी प्रवासी मोजके असल्यामुळे पासपोर्टचे कामही फार रेंगाळत नाही. अडचण वेळांची आहे. दिवसाला बोटीच्या दोन-तीनच फेऱ्या असतात, त्या आगगाड्यांशी जुळवलेल्या नसतात, आणि बोट उशिरा लागली तर दिएपलाच मुक्काम करायची तयारी ठेवावी लागते. बंदरापासून रेल्वे स्थानकापर्यंतचे अंतरही चाकांची बॅग ओढत चालण्याजोगे नाही. ज्यांना पॅरिसला पोहोचण्याची घाई नाही त्यांनीच या वाटेला जावे.

म्हणजे खरी लढत गाडी आणि बस यांच्यात उरते, आणि बसची बाजू कागदावर चांगली भक्कम आहे. तिकीट स्वस्त. रात्री व्हिक्टोरिया कोच स्टेशनला बसावे, सकाळी पॅरिसच्या बर्सीला उतरावे, हॉटेलची एक रात्र वाचते. तिकीट आयत्या वेळी काढले तरी भाव गाडीइतका आकाशाला भिडत नाही. आठ-नऊ तास बसणे पुणे-नागपूर रातराणीची सवय असलेल्या माणसाला जड जाऊ नये. मीही असाच हिशेब करून बस धरत असे.

या हिशेबात न बसणारी गोष्ट म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डोव्हर बंदरातली तपासणी. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात पूर्वीपासून असे ठरलेले आहे की पलीकडच्या देशाची पासपोर्ट तपासणी खाडी ओलांडण्याआधी, अलीकडच्या किनाऱ्यावरच उरकायची. बोगद्यासाठी हा करार १९९१ मध्ये झाला आणि डोव्हर-कॅलेसारख्या बंदरांसाठी २००३ मध्ये. म्हणून फ्रेंच अधिकारी सेंट पँक्रसलाही बसतात आणि डोव्हरलाही. व्यवस्था एकच, पण प्रवाशाच्या वाट्याला येणारा अनुभव अगदी निराळा, कारण गाडीच्या प्रवासात तपासणी बसण्याआधी होते आणि बसच्या प्रवासात ती मध्येच, सगळ्यांची मिळून होते.

मध्यरात्रीच्या आसपास दिवे लागतात, चालक सर्वांना खाली उतरवतो, आणि अर्धवट झोपेतली चाळीस-पन्नास माणसे एका थंड दालनात रांग लावतात. बहुतेकांचे पासपोर्ट पटापट हातावेगळे होतात. आपली पाळी आली की अधिकारी व्हिसाचे पान शोधतो, भिंगाखाली धरतो, आधीचे शिक्के मोजतो, हॉटेलचे आरक्षण मागतो, परतीचे तिकीट मागतो, कधी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवतो. यात त्याचे काही चुकत नाही. शेंगेन व्हिसावर जाणाऱ्याकडे हे कागद असायलाच हवेत आणि माझ्याकडे ते असतातही. पण तोवर बाकीचे सारे बसमध्ये जाऊन बसलेले असतात, इंजिन चालू असते, चालक दारात उभा राहून घड्याळ पाहत असतो, कारण त्याला ठरलेली बोट गाठायची असते. एकदा माझ्या आणि एका आफ्रिकी विद्यार्थ्याच्या कागदपत्रांपायी आमच्या बसची बोट हुकली. परत बसमध्ये चढताना कुणी काही बोलले नाही. दोन्ही बाजूंच्या आसनांमधून आपल्या जागेपर्यंत जाणे तेवढे फार लांब वाटले. सेंट पँक्रसच्या खिडकीवर माझ्यामागे शंभर माणसे असतील, पण मला दहा मिनिटे लागली तर ती शेजारच्या खिडकीकडे वळतात. माझ्या उशिराचा भार तिथे माझ्यावरच पडतो.

हे कुणाला क्षुल्लक वाटेल, आणि ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांच्यासाठी ते क्षुल्लक असेलही. २०२१ पासून त्यांचीही नोंद होऊ लागली, त्यामुळे रांगेतला फरक थोडा पुसट झाला आहे, हेही मान्य करायला हवे. पण सत्तरीतल्या आईला घेऊन जाणाऱ्या माणसाने हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून मगच दोन तिकिटांतला फरक मोजावा.

शिवाय झोपेचा हिशेबही फसवाच. डोव्हरनंतर बस बोटीवर चढली तर पुन्हा सर्वांना उतरून वरच्या मजल्यावर जावे लागते, कारण समुद्रात असताना वाहनांचा मजला बंद ठेवतात. दीड तासाने पुन्हा खाली येऊन असंख्य बसगाड्यांतून आपली शोधायची. शटलने नेले तर हे टळते, पण कुठली वाट मिळेल हे प्रवाशाच्या हाती नसते. परतीच्या वेळी कॅलेला बहुधा बसच्या पोटातले सामानही बाहेर काढून तपासणीसाठी ओढत न्यावे लागते. सकाळी सहाच्या सुमाराला बर्सीला उतरावे तर हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळत नाही. वाचलेल्या रात्रीची किंमत मग दिवसभर जांभया देत फेडावी लागते.

निवासाच्या परवान्याबद्दलही दोन शब्द. ब्रिटनने प्लास्टिकची निवास कार्डे २०२४ च्या अखेरीस बंद करून परवाना ऑनलाइन खात्यात नेला. गाडीच्या प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना हे आता अंगवळणी पडलेले दिसते. बसच्या दारात रात्री दहा वाजता ‘कार्ड कुठे आहे’ असे विचारणारे चालक मात्र मला भेटले आहेत. खात्याशी चालू पासपोर्ट जोडलेला असावा आणि फोनमध्ये चार्जिंग असावे. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी शेंगेन व्हिसा सहसा भारतातूनच काढून आणावा लागतो, आणि लंडनला परतायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहून घ्यावे. दिवाळीचा फराळ न्यायचा असेल तर चकल्या-शंकरपाळ्यांची गोष्ट वेगळी. पण पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे, कारण दूध-दुभत्याचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत. हा नियम तिन्ही साधनांना सारखाच.

गाडी निर्दोष आहे असे मात्र नाही. तिचा सारा कारभार एका बोगद्यावर आणि पॅरिसच्या एका स्थानकावर अवलंबून असल्यामुळे बिघडते तेव्हा सगळेच बिघडते. मार्च २०२५ मध्ये गार द्यू नॉरकडे जाणाऱ्या रुळांजवळ दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडला आणि त्या दिवशीच्या गाड्या रद्द झाल्या. बसचे तसे होत नाही, तिला दुसरा रस्ता सापडतो. दुसऱ्या दिवशी पॅरिसहून मुंबईचे विमान असेल तर एक रात्र हाताशी ठेवूनच निघावे.

भाड्याचे म्हणाल, तर तारखेबाबत थोडी लवचिकता दाखवली की फरक बराच कमी होतो. युरोस्टारची स्नॅप नावाची सवलत आहे: आपण दिवस आणि सकाळ-दुपार एवढेच निवडायचे, नेमकी गाडी कुठली ते ४८ तास आधी कळते. निवृत्त पाहुण्यांना याहून सोयीचे काही नाही. चौघांचे कुटुंब, शाळेची सुटी आणि आठवडा उरलेला, अशी स्थिती असेल तर मात्र बसचे तिकीट काढणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. फक्त दिवसाची बस पाहावी, म्हणजे डोव्हरचा खोळंबा निदान उजेडात होतो. एकटा, तरुण, पाठीवर एकच पिशवी आणि खिशात युरोपीय पासपोर्ट असलेल्या माणसाला तर बसच परवडेल.

उरलेल्यांनी, माझ्या मते, गाडीच धरावी. सेंट पँक्रसला फ्रेंच तपासणी एकदा उरकली की त्यानंतर तुम्हाला कुणी काही विचारत नाही. गार द्यू नॉरला उतरून सरळ रस्त्यावर चालू लागायचे, आणि दहा मिनिटांवर ला शापेलच्या तमिळ दुकानांतून डोसाही मिळतो. परतीच्या तिकिटाला मात्र रविवारची संध्याकाळ टाळावी. फ्रेंच आणि ब्रिटिश अशा दोन्ही खिडक्या गार द्यू नॉरला पाठोपाठ असतात, आपल्या पासपोर्टला स्वयंचलित फाटक उघडत नाही, आणि वरच्या मजल्यावरची रांग त्या वेळी जिन्यापर्यंत आलेली असते. सोमवारी दुपारची गाडी स्वस्तही पडते आणि बसायला खुर्चीही मिळते.