दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्के कमी आले: अपील, पुनर्तपासणी की आहे तेच ठेवायचं?

प्रमाणपत्रावर ४० ऐवजी ३८ टक्के दिसले की घरात संताप होतो, आणि तो रास्त आहे. त्या दोन टक्क्यांवर बरंच काही अडतं. पण ५२ मिळालेत आणि 'निदान ६० तरी द्यायला हवे होते' असं वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. सवलतींच्या दृष्टीने मुख्य रेषा दोन, ४० आणि ८०. आपला आकडा त्यांपैकी कोणत्या रेषेच्या किती जवळ आहे हे आधी पाहा, अपिलाचं नंतर.

सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, संजय गांधी निराधार योजना (उत्पन्नाची अट निराळी), एसटीची सवलत, आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट, हे सगळं ४० पासून सुरू होतं. ८० ला ती वजावट १,२५,००० होते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या व्यक्तीला केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येतो. यूडीआयडी कार्डाचा (केंद्राच्या दिव्यांग ओळखपत्राचा) रंगही याच रेषांवर बदलतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० पासून निळा. ५२ चे ६० झाले तरी कार्ड पिवळंच राहतं.

आहे तेच ठेवणं

आकडा दोन रेषांच्या मधोमध असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अपिलाच्या फंदात पडू नका. नव्याने तपासणी झाली की आकडा खालीही येऊ शकतो. ४२ टक्के असणाऱ्याने 'जरा वाढवून घेऊ' म्हणून अर्ज करणं मला धोक्याचं वाटतं. वर जाऊन फारसं हाती लागत नाही, तीन टक्के घसरले तर सगळंच जातं.

परीक्षेला फक्त लेखनिक हवा असेल, तर ४० च्या खालचं प्रमाणपत्र बदलून घेण्याची गरज नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची सक्ती करता येणार नाही. लिहिताना प्रत्यक्ष अडचण येते हे दाखवणारं वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र लागतं.

अपील की पुनर्तपासणी?

या दोन्हींत लोक हमखास गोंधळतात. अपिलात तुमचं म्हणणं असतं, 'त्या दिवशी मोजताना चूक झाली.' पुनर्तपासणीत म्हणणं असतं, 'त्यानंतर माझी अवस्था बदलली.' प्रमाणपत्र मिळून दोन वर्षं झाली, गुडघा आणखी आखडला, हे अपिलाचं कारण होत नाही. तिथे नव्याने मूल्यमापन मागा. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल आणि मुदत थोड्याच महिन्यांत संपत असेल, तरीही अपिलापेक्षा नूतनीकरणाचीच चांगली तयारी करावी. लहान मुलांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं.

अपिलाचा हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ ने दिला आहे. ते राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे करायचं असतं. अर्ज कुठे द्यायचा आणि मुदत किती, हे प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयाला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. प्रमाणपत्रच नाकारलं असेल तर कारणं लेखी मिळायला हवीत. तोंडी 'बसत नाही' एवढं ऐकून घरी परतू नका.

चूक मोजण्यात आहे की कोष्टकातच?

निर्णय खरं तर इथे होतो. टक्केवारी डॉक्टरांच्या मर्जीवर नसते, ती केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतल्या कोष्टकांवरून काढतात. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल, तर कोष्टकात ३० टक्केच येतात. अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण अपील प्राधिकारीही तेच कोष्टक उघडणार. एका कानाने अजिबात ऐकू न येणाऱ्याचंही तसंच: कायदा दोन्ही कानांचा ऱ्हास पाहतो, आणि तोही किमान ६० डेसिबल.

उलट, दोन दिव्यांगत्वं असताना एकच मोजलं गेलं असेल तर अपील भक्कम होतं. दोन आकड्यांची थेट बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला 'अ' आणि लहान आकड्याला 'ब' म्हटलं, तर ९० मधून 'अ' वजा करायचा, उरलेल्याला 'ब' ने गुणून ९० ने भागायचं आणि उत्तर 'अ' मध्ये मिळवायचं. पायाचे ३० आणि डोळ्यांचे २० असतील तर ५० होत नाहीत, सुमारे ४३ होतात. तरीही ४० ची रेषा ओलांडली जाते! वैद्यकीय मंडळाने फक्त पाय पाहून ३० लिहिले असतील, तर हे नक्की लढा.

मानसिक आजारात मोजमाप जास्त नाजूक असतं. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम या चार बाबींना गुण देतात आणि आजार किती काळ आहे तेही धरतात. एकूण गुण ७ झाले की ४० टक्क्यांची पायरी येते. 'अंघोळ करता का?' या प्रश्नाला संकोचाने 'हो' म्हटलं जातं. आई रोज तीनदा सांगते तेव्हा कुठे होते, हे राहून जातं. असं झालं असेल तर घरच्यांनी रोजचं चित्र लिहून काढावं आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र अपिलाला जोडावं.

कुठल्या रकान्यात किती धरले हे कळल्याशिवाय अर्जात काय लिहायचं ते कळणार नाही. म्हणून स्वतःच्या तपासणीच्या नोंदींची प्रत मागा. सरकारी रुग्णालय देत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. तेवढ्यात अपिलाची मुदत टळण्याची भीती असेल तर अपील आधी दाखल करा आणि 'नोंदी मिळताच जोडतो' असं त्यातच लिहा.